दाबून सपाट केलेली पुस्तकं

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. काल औषधाच्या खोक्यावर बोटाला ब्रेलचे ठिपके लागले आणि टाळणं जमेना.

माझ्या वर्गात सुमन नावाची अंध मुलगी होती. तिची ब्रेलची पुस्तकं आली ती फुगलेली, बेढब. मला नीटनेटकेपणाचा भारी सोस. मी ती बाइंडरकडून प्रेसमध्ये दाबून घेतली. चांगली चापूनचोपून आली.

सुमन पानांवर बोटं फिरवत राहिली. "सर, यात काहीच लागत नाही."

"नाचता येईना, तशातली गत! अभ्यास नको, म्हणून सबबी."

वर्ग हसला. तिनं पुस्तक मिटलं.

ठिपके दबून गेलेत, हे मला त्याच संध्याकाळी कळलं. तरी तिच्या वडिलांना मी सांगितलं, "पोरीला वाचनाची गोडी नाही." त्यांनी तिला शाळेतून काढलं. सगळं, अगदी मुलंसुद्धा, सपाट झालं की आम्हा मास्तरांना शिस्त लागल्यासारखी वाटते.

पुढे एकदा ती बाजारात भेटली. आवाजावरून तिनं मला ओळखलं. "सर, बरे आहात ना? मला काही वाचन जमलं नाही बघा."

चूक तुझी नव्हती, मला माफ कर, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "असू दे गं."