कुंकू लावलेली पॉलिसी

मागच्या एप्रिलमधला रविवार. वर्षाचा मसाला करायचा म्हणून मिरच्या, धने, खडा मसाला भाजून डबे भरले आणि जळगावहून जामनेरला माहेरी गेले. सुमनअक्कांच्या कांडपासारखा मसाला दुसरीकडे होतच नाही, असं आमच्या आईचं ठाम मत आहे...

कांडपावर पोचले, तर मला पाहताच अक्का मशीन बंद करून बाहेरच आल्या. "अवं माय, म्याडम तुम्ही!" लगेच रांगेतल्या बायकांना सांगायला लागल्या, "या त्या बँकेतल्या म्याडम. यांनीच मले मशीनचं लोन करून दिलं." खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. जरा मिरवलेसुद्धा.

मग माझं लक्ष भिंतीकडे गेलं. देवाच्या फोटोशेजारी खिळ्याला प्लॅस्टिकची पिशवी, आत एक कागद, पिशवीवर हळदीकुंकवाची बोटं. कागद मी लांबूनच ओळखला... ती मीच विकलेली लोन इन्शुरन्सची पॉलिसी होती.

चार वर्षांपूर्वी मी जळगावात एका खासगी बँकेत लोन डेस्कला होते. लोनसोबत महिन्याला ठरावीक पॉलिसी विकायच्या, असं टार्गेट असायचं. ही घेतल्याशिवाय लोन पास होत नाही, असं मी अक्कांना सांगितलं होतं. ते साफ खोटं होतं, आणि सांगताना मला ते माहीत होतं. प्रीमियमही त्यांच्या लोनमधूनच कापला.

त्यातून पॉलिसी कसली, तर नोकरी गेली की काही महिने हप्ते विमा कंपनी भरणार. अक्कांना कुठली आलीय नोकरी? पण 'स्वतःचा धंदा' लिहिलं की सिस्टीम फॉर्म घ्यायची नाही... म्हणून मी त्या रकान्यात बिनधास्त 'नोकरी' लिहिलं आणि त्यांची सही घेतली.

हे कशासाठी, असं त्यांनी विचारलंही होतं. मी हसत म्हटलं होतं, "अक्का, ही तुमच्या मशीनची राखण आहे. दसऱ्याला मशीनबरोबर हिचीपण पूजा करत जा." गंमत केली होती हो... आणि ही बाई दर दसऱ्याला इमानेइतबारे पूजा करत होती.

मिरच्या कुटून होईपर्यंत अक्का बोलत बसल्या. आदल्या पावसाळ्यात घसरून त्यांचं मनगट मोडलं, तीन महिने कांडप बंद. पॉलिसी घेऊन त्या बँकेत गेल्या, तर काउंटरवरचा म्हणाला, "नोकरीच नाही तर ती जाईल कशी?" आजूबाजूचे हसले म्हणे. हप्ते थकू नयेत म्हणून कानातले गहाण टाकले.

तेव्हा कुठे मी त्यांच्या कानांकडे पाहिलं. भोकं बुजू नयेत म्हणून दोन्हीकडे केरसुणीच्या काड्या घातलेल्या.

"माहीच चुकी म्याडम. वाचता येत नही, तं समजून तरी घ्याव." असं म्हणाल्या, आणि वर मसाल्याचे पैसेही घेईनात. तुम्ही एवढं केलं माझ्यासाठी, म्हणे.

मी डबे उचलले. रिक्षापर्यंत गेलेही... आणि तिथे पाय अडला. घरी ओट्यावर तो मिक्सर आहे ना, तो मला त्याच तिमाहीचं टार्गेट पूर्ण केलं म्हणून मिळालेला. लाजेने अक्षरशः कान तापले माझे.

परत गेले. रांगेतल्या बायकांसमोरच सांगितलं, की अक्का, तुमची चूक नाही. मी खोटं बोलले. 'नोकरी' माझ्या हाताने लिहिलं.

अक्का मशीनकडे वळल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मंग आता काय करशीन?" म्याडमची मी एका क्षणात 'तू' झाले. तेच योग्य होतं.

तिथेच बसून अक्कांच्या नावाने बँकेला तक्रारअर्ज लिहिला. पहिल्यांदा लिहिलं, 'बँकेच्या कर्मचाऱ्याने चुकीची माहिती दिली'. पेन थांबलं... मग 'कर्मचाऱ्याने' खोडून स्वतःचं नाव लिहिलं, आणि मीच ती, असा वेगळा जबाब सहीनिशी जोडला.

निघताना पुन्हा पैसे पुढे केले. या वेळी अक्कांनी घेतले. नीट मोजून घेतले.

पुढे बँकेतल्या जुन्या सहकाऱ्याचा फोन आला, कशाला अंगावर घेतेस म्हणून. बँकेने आधी टोलवाटोलवी केली. मग बँकिंग लोकपालाकडे जातो म्हटल्यावर सूत्रं हलली आणि दोनेक महिन्यांनी प्रीमियम व्याजासकट अक्कांच्या खात्यात जमा झाला.

काल अक्कांचा फोन. कानातले सोडवून आणले म्हणाल्या. मी हुश्श केलं. मनात आलं, चला, संपलं एकदाचं...

"आयक. आमच्या बचत गटातल्या चार बाया उद्या येऊन राहिल्या तुह्याकडे. मशीनचं लोन घेतलेल्या. त्यांच्याबी कागदावर तुहीच सही. मी पत्ता देला." आणि वर म्हणाल्या, "दार उघडजो."

खरं सांगते, घराला कुलूप लावून कुठेतरी निघून जावं, असं वाटलं होतं. पण त्या माउलीने मला तोंड लपवू दिलं नाही, हे उपकारच म्हणायचे.

आज सकाळी दहाला बेल वाजली. चौघी होत्या, हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या. चारही पिशव्यांवर कुंकू होतं.