टपरीमागं घडीभर
शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की मला वारंगा फाट्यावरचं ते दुकान आठवतं. माझे मालक, लेकराचे बाबा, हैदराबादेला कामाला गेले ते दोन उन्हाळे फिरकले नव्हते, म्हणून आईनं दिलेलं चांदीचं कडं मोडून मी मशीन घ्यायला गेलते, कडेवर लेकरू, आन मोडायला दुसरं काईच न्हाई. दुकानात तीन कंपन्यांच्या मशिनी होत्या. दुकानवाले चाचा म्हणले, "ही काळी जुनी कंपनी, हिचे पुर्जे खेड्याखेड्यात भेटतात. मधलीच्या पुर्ज्याला नांदेड गाठा. ही हिरवी नवीन, सस्ती हाये, पन कंपनी टिकंल का बुडंल, अल्ला जाने." मग हसले, "तू काहून डोकं शिणवते बेटी? मालकाला बोलव." मी भिऊन म्हणलं, "ते बाहेर चहा पिऊन राहिले, ईचारून येते." बाहेर आले आन चहाच्या टपरीमागं एकटीच उभी राहिले. ट्रका धूळ उडवत चालल्या, लेकरू पदर ओढू लागलं. हिरवी लई देखणी होती, पन पुर्जा तुटला तर नांदेडला जाणार कोण, आन कंपनीच बुडाली तर मी कोणाच्या तोंडाकडं बघू? माघारी जाऊन म्हणलं, "ते म्हणले, काळी द्या." चाचांनी मान हलवली, "मालकाला बराबर कळतं." काळी अजून चालून राहिली, लेकरू शाळंत जातं. काई ठरवायचं असलं की मी आजबी दाराबाहेर घडीभर एकटीच उभी राहते, आन आत येऊन लेकराला सांगते, बाबा व्हय म्हणले.