निपाणीकडची माझी नोकरी

कोगनोळीचा नाका ओलांडला आणि दुकानांच्या पाट्या कन्नड झाल्या, गाडीतली बोलणी मात्र मराठीच राहिली. शेजारी बसलेल्या आजोबांनी कुठून, कुणाकडं, कशाला अशी रीतसर चौकशी केली. शेतावर राबायला चाललोय म्हटल्यावर त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि डोंबिवलीत कामं मिळेनात काय, असं काळजीनं विचारलं.

निपाणी स्टँडवर पारीस मोटारसायकल घेऊन उभा होता. 'शेतावर राहा, शेतकऱ्यासारखं राबा' ही जाहिरात मोबाईलवर त्यानंच टाकली होती आणि तिला भुललेला पहिला पाहुणा मी. वाटेत त्यानं मन मोकळं केलं. ऊस आहे, तंबाखू आहे, म्हशी आहेत, पण लग्न जमत नाही. मुलींना नोकरीवाला हवा आणि त्यांच्या बापांना नोकरीवाला असून शिवाय शेतीवाला हवा. चिकोडीकडचं एक स्थळ तेवढं अजून नाही म्हणालं नव्हतं. हेही गेलं तर पुढं विचारायला कुणी उरत नाही, असं म्हणून त्यानं गाडी उगाचच जोरात सोडली.

घर जैनांचं, त्यामुळे सूर्य मावळायच्या आत जेवण. जोंधळ्याची (ज्वारीची) भाकरी, मटकीची उसळ, शेंगांची चटणी आणि भाकरीवर तूप. पारीसचे वडील, म्हणजे आप्पा, माझ्या पानापाशी बसून आग्रह करत आणि मी उठल्यावरच जेवत. पण काम? काम म्हणून करू देत नव्हते. मी खुरपं उचललं की ते काढून घेत आणि खुर्ची आणत. बांधावर खुर्ची, तंबाखूत खुर्ची, गोठ्याच्या दारात खुर्ची. आंघोळीचं गरम पाणी स्वतः काढून देत, रात्री अंथरूणही झटकून घालत. अहो, मी राबायला आलोय, असं मी कळवळून सांगितलं.

"पाव्हण्याला राबवलं तर गाव थुंकंल आमच्या तोंडावर," आप्पा म्हणाले आणि विषय संपला.

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा उसाला पाणी पाजायला गेलेले बघून मी पारीसची फाटकी बंडी अंगात घातली, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि गोठ्यात घुसलो. शेणाची पाटी (टोपली) उचलायला कसब लागतं, ते माझ्यापाशी नव्हतं. अर्धं शेण उकिरड्यावर गेलं, अर्धं माझ्या अंगावर. पण काय सांगू, खुर्चीतून सुटल्याचा आनंद असा की मी चक्क गाणं म्हणत होतो.

तेवढ्यात अंगणात जीप थांबली. चिकोडीचे पाहुणे! मुलीकडचे लोक घर बघायला येतात ते इकडं मुद्दाम न कळवता येतात, कळवून आलं की घर खरं दिसत नाही म्हणतात. मुलीचे आईवडील उतरले आणि मागोमाग स्वतः मुलगीही उतरली. तिचं नाव राजमती. आप्पा मळ्यातून धापा टाकत आले. मुलीच्या वडिलांनी माझ्याकडं बोट दाखवून हा कोण, असं विचारलं.

आप्पांचा चेहरा उतरला. पाहुणा म्हणावं, तर पाहुण्याला शेण काढायला लावणारं घर ठरणार. अशा घरात मुलगी कोण देईल? शेवटी पारीसची आई, आक्का, पुढं झाली.

"गडी हाय आमचा. कायमचा."

मुलीच्या वडिलांना हेवा वाटलेला मला स्पष्ट दिसला. हल्ली ट्रॅक्टर मिळतो, कायमचा गडी मिळत नाही. ते जवळ येऊन माझ्याशी कन्नडमध्ये काहीतरी बोलले. मला कन्नडचा गंध नाही, मी नुसता हसलो. त्याला ऐकू कमी येतं, असं आक्कानं सांगून टाकलं. म्हणजे मी आता गडी होतो आणि बहिराही.

मंडळी सोप्यात (ओसरीवर) चहाला बसली. मी शेण ओढत राहिलो. थोड्या वेळानं राजमती एकटीच गोठ्यात आली. घरची माणसं काहीही सांगतील, गडी खरं सांगेल, असा तिचा हिशेब असावा. ती माझ्या कानाशी वाकली आणि ओरडली, "हितली माणसं कशी हाईत?"

सोप्यातलं बोलणं थांबलं. दारात पारीस उभा होता, त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. खोटं काही सुचेना म्हणून खरं तेच मोठ्यानं सांगितलं. आप्पा मला आंघोळीचं पाणी काढून देतात. मला आधी वाढतात, मग स्वतः जेवतात. भाकरीवर तूप घालतात. माझं अंथरूणसुद्धा तेच घालतात.

राजमती माझ्याकडं बघतच राहिली. मग तरातरा सोप्यात गेली.

"मुलगा मला पसंत हाय. पर ह्या गड्याला आजच्या आज काढा. एक पाटी शेण टाकायला सकाळ घालवतोय, आन् वर तूप खातोय. माझ्या घरात असलं चालायचं न्हाय."

माझ्या घरात, म्हणाली! आक्कानं पदर डोळ्यांना लावला. मलाही भरून आलं, पण हात शेणाचे, डोळे पुसायची सोय नव्हती.

खरी पंचाईत आप्पांची झाली. दारी आलेल्या पाहुण्याला त्यांनी जन्मात घालवून दिलं नव्हतं. ते माझ्यापुढं येऊन उभे राहिले.

"उद्यापास्नं येऊ नगासा," ते म्हणाले. गड्याला अहो-जाहो! आता हे हात जोडणार, अशी भीती वाटून मी घाईघाईनं मान डोलावली आणि पळालो. पारीसनं मला मागच्या वाटेनं स्टँडवर सोडलं. रस्ताभर तो शीळ घालत होता, मला जेवायला विचारायचंही विसरला.

घरी बायकोनं विचारलं, एवढ्या लवकर कसे? कामावरून काढलं, म्हटलं. सबंध आयुष्य कचेरीत गेलं, पण तिथं बढती मिळाली तेव्हाही मी इतका खूश नव्हतो. प्रवासात माणूस काहीतरी बघून येतो म्हणतात. मी एक घर उभं राहताना बघून आलो.

परवा आप्पांचा फोन आला. लग्न ठरलं होतं आणि राजमतीला सगळं खरं सांगून झालं होतं. रागावली का, असं मी भीतभीत विचारलं. आप्पांनी फोन तिच्याकडंच दिला.

"त्या दिवशी तुम्ही उपाशी गेलासा," ती म्हणाली. "लग्नाला या. तुम्ही जेवल्याबिगार मी पानावर बसायची न्हाय."

आम्ही दोघांची तिकिटं काढली आहेत.