क्ष बरोबर क्ष अधिक एक

बावीस वर्षं प्रोग्राम लिहूनही त्या रविवारी सकाळी मी अडून बसले होते. ‘फंक्शनल’ म्हणतात त्या प्रकारची प्रोग्रामिंगची नवी भाषा शिकत होते आणि हात सवयीनं जुनंच लिहीत होते: क्ष बरोबर क्ष अधिक एक. स्क्रीनवर पुन्हा चूक उमटली.

शेजारी आई मटार सोलत होती. ती शाळेत गणित शिकवायची. माझं काम तिला कधी कळलं नाही, आणि मीही समजावून सांगायचं केव्हाच सोडलं होतं. तिनं वाकून ती ओळ वाचली.

"क्ष हा क्ष अधिक एक कसा असेल गं?"

"आमच्या जुन्या भाषांत असतो, आई. त्याची किंमत बदलत राहते."

"आणि या भाषेत?"

"इथं एकदा दिलेली किंमत बदलत नाही."

"मग बरोबरच आहे या भाषेचं," ती शांतपणे म्हणाली.

मी ओळ खोडली. ज्याला इतकी वर्षं कौशल्य समजत आले, त्यात नुसती सवय किती होती, असं वाटून गेलं. आई अजून स्क्रीनकडेच पाहत होती. खाली त्याच भाषेत, गणितासारखंच लिहिलेलं एक सूत्र होतं; त्यावर बोट ठेवून ती हळूहळू वाचत गेली.

"हे कळतंय मला," ती म्हणाली.

मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला.