भिवाजी मिस्त्रीचं टोकाचं घर

आसेगावच्या अलीकडे, टेकडीच्या पोटाशी वसलेल्या गावात भिवाजी मिस्त्री राहतो. गावातल्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच भावाभावांच्या मधल्या आहेत. पोरं वाढली, लग्नं झाली, चुली वेगळ्या झाल्या की लोक आधी भिवाजीला बोलावत, मग तलाठ्याला. तो ओळंबा लावून भिंत घाली, दोन्हीकडचा चहा पिई आणि घरी येई.

त्याच्या स्वतःच्या घरातही अशाच भिंती घातल्या गेल्या होत्या. बापाच्या दोन खोल्या, त्यांत पाच भाऊ आणि त्यांचे संसार. भिवाजीच्या वाट्याला आलेला तुकडा इतका अरुंद, की त्याची बायको पंचफुला पलंग ओलांडूनच चुलीपाशी जाई. पलीकडे भाऊ शिंकला की ती इकडे भाजीवर झाकण ठेवी.

"मले गावाचं शेवटचं घर पायजे," भिवाजी म्हणायचा. "मांगं कोनी नको. नुसता वारा."

वर टेकडीवर ई-क्लासची जमीन होती, म्हणजे सरकारी गायरान. त्याच्या लहानपणी तिथे कमरेइतकं गवत, पळस, बोरी, हिवर, आणि गावभरची गुरं चरायला. आता अर्ध्या उतारापर्यंत घरं चढली होती. आधी अतिक्रमणं झाली, मग ती कायम झाली, मग त्यांवर घरकुलं आली. भिवाजीनेही तिथेच, सगळ्यांच्या वर, जागा धरली. झुडपं तोडली, टेकडीचाच मुरूम खणून भराव घातला आणि मनासारखं घर बांधलं. मागे खरंच कोणी नव्हतं. राहायला गेले त्या संध्याकाळी तो मागच्या अंगणात खाट टाकून असा बसला, की जेवायलाही उठेना; पंचफुलाला वाटलं याला बरं नाही.

सकाळी ती अंगण झाडायला मागचं दार उघडून बाहेर आली, तर कोपऱ्यात रोही उभा. घोड्याएवढा, निळसर करडा नीलगायीचा नर, पाठ तिच्याकडे, शेपटी वर. त्याने सावकाश लेंड्या टाकल्या, मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि चालता झाला.

"तुमचा वारा येऊन गेला जी," ती आत जाऊन नवऱ्याला म्हणाली. "उचलाले टोपलं घ्या."

दुसऱ्या दिवशी रोही पुन्हा आला, त्याच कोपऱ्यात. मग रोजच. भिवाजीने बोरीच्या काट्या टाकल्या, रोह्याने त्या बाजूला सारल्या. पंचफुलाची लाल साडी बांधली, ती त्याने चघळून पाहिली. रेडिओ लावून ठेवला, तर तो कान टवकारून शेतीविषयक कार्यक्रम संपेपर्यंत थांबला.

शेवटी भिवाजीने आपला हुकमी उपाय काढला आणि छातीइतकी भिंत घातली. रोही आरामात उडी मारून आत आला आणि आपलं काम उरकून फाटकापाशी जाऊन उभा राहिला, कारण अंगण लहान, परत उडी मारायला धाव मिळेना. भिवाजीने उठून फाटक उघडलं. त्यानंतर रोज पहाटे त्याला हीच नोकरी लागली.

"काय मिस्त्री, सायेब गेले का?" खालच्या घरांतून लोक विचारत.

त्याच सुमारास उघड्यावर शौचाला बसणाऱ्यांना पकडायला तालुक्याचं पथक पहाटे गावात आलं. डोंगराच्या बाजूने शोधत शोधत ते भिवाजीच्या अंगणात पोचलं. त्यातल्या एकाने ढीग पाहिला.

"हे कोणाचं?"

"रोह्याचं."

"घरी संडास आहे ना तुमच्या?"

"हाय ना. पन थो आयकत नाई."

साहेबाने ढिगाचा फोटो काढला, मग जरा विचार करून तो पुसून टाकला आणि पथक खाली उतरलं.

पुढच्या आठवड्यात पंचफुलाच्या बहिणीची मुलगी सुकेशनी मुक्कामाला आली. ती कारंज्याकडे वनरक्षक आहे. मावशीने तिला आधी चहा पाजला आणि मग गाऱ्हाणं घालायला मागे नेलं. सुकेशनी ढिगापाशी उकिडवी बसली. खालची माती काडीने उकरून पाहिली. खालीही जुन्या लेंड्यांचा भुगाच निघाला.

"मावशी, रोही रोज एकाच जागी जातो. ही जागा तुमच्या घराच्या आधीची हाय. तुमी त्याच्या संडासात घर बांधलं."

पंचफुलाला हे फार लागलं. "आमी? आठ-अ च्या उताऱ्यात आमचं नाव हाय."

"थे त्यानं वाचलं नसन."

 दुसऱ्या दिवशी सकाळी रोही बाहेर गेला तसा भिवाजीने घण घेतला आणि कोपऱ्यातली भिंत पाडली. मग तीच भिंत अलीकडे, घराला चिकटून घातली, आणि ढिगाची जागा बाहेर सोडून दिली. आयुष्यात त्याने घातलेली ही पहिली वाटणी, जिच्यात पलीकडच्याने चहा पाजला नाही. पंचफुला पाठीमागून टोपल्याने लेंड्या आणून वांग्यांना घालू लागली. वांगी चांगली आली. कारण विचारलं की ती "पानी चांगलं हाय इथचं" म्हणायची.

उन्हाळ्यात धाकट्या भावाचा पोरगा, उत्कर्ष, पेढे घेऊन आला. नुकतंच लग्न झालेलं, बायको रूपा सोबत. खालच्या जुन्या घरात माणसं इतकी झाली होती की नवरानवरीला बोलायला बसथांब्यावर जावं लागे.

"जयभीम, मोठेबाबा. तुमच्या मांगची जागा रिकामी हाय म्हनते. तुमीच बांधून द्या."

"रिकामी नाई थे," भिवाजी म्हणाला.

"कोन राह्यते तिथं?"

 पोराचं काही चुकत नव्हतं. तो जे मागत होता तेच भिवाजीनेही मागितलं होतं. त्यांना चहाला बसवून तो एकटाच टेकडीच्या माथ्यावर गेला. पलीकडच्या उतारावर दुसऱ्या गावाची घरं तशीच वर येत होती. टिनाची छपरं, बोअरच्या गाड्या, खणलेले मुरमाचे खड्डे. मध्ये उरलेलं गवत माथ्यावर अंथरलेल्या पटकुराएवढं. ती घरं कोणी बांधली ते भिवाजीला माहीत नव्हतं, पण इकडची बहुतेक त्यानेच बांधली होती. तो खाली आला तेव्हा पेढे संपत आले होते.

"माह्या स्लॅबवर बांध," तो उत्कर्षला म्हणाला. "जिना बाहेरून काढून देतो."

पंचफुला त्यावरून काही दिवस रुसली. मग मजला उभा राहिला, रूपा आली, आणि तिने वर खलबत्ता सुरू केला की खाली भिवाजीच्या ताटात चुना पडू लागला. दोघी रोज भांडत आणि रोज एकमेकींकडे भाजी पोचवत.

तेव्हापासून जो घर बांधायला बोलावी त्याला भिवाजी एकच सांगे, "टेकडीवर नाई, डोक्यावर बांध." काहींनी ऐकलं. काहींनी मिस्त्रीचे गुडघे गेले असं ठरवून मंगरुळहून दुसरा मिस्त्री आणला, आणि उतारावर अजून दोन घरं चढली. पण भिवाजी रोज तिथे जाऊन इतकी कटकट करी, की वैतागून त्यांनी मधे एक बोळ सोडला. रोही दोन्ही भिंतींना पोट घासत त्यातून येतो.

परवा सकाळी रूपा जिन्यावरून वाकून म्हणाली, "मोठीमाय, आज नर नाई आला. मादी हाय. संगं पोरगं हाय."

"पोरगं काय करून राह्यलं?" पंचफुलाने खालून विचारलं.

"शिकून राह्यलं."

"घ्या," पंचफुला नवऱ्याकडे वळून म्हणाली. "आता रोह्याचंही खटलं वाढलं."

भिवाजीने कप खाली ठेवला आणि तो बाहेर ढिगाशेजारी रचून ठेवलेल्या विटा बाजूला सरकवायला गेला.