आधी सासूबाईंचं ऐकू

हवालदारबाईंची एक रीत ठाण्यात सगळ्यांना पाठ होती. तक्रारदार बाईसोबत तिच्या वतीने बोलणारं कुणी आलं, की आधी मान त्या माणसाचा. साहेबांच्या खोलीतली गादीची खुर्ची, गरम चहा आणि निवांत ऐकणारे साहेब. साहेब कपाळाला हात लावत; पण तेवढ्या वेळात ती बाई हवालदारबाईंना बाहेरच्या बाकावर एकटी सापडे.

त्या दिवशी शेजारणीने फोन करून कळवलं, म्हणून एका सुनेला बोलावलं होतं. सून दवाखान्यात नर्स होती. तीन महिने घरातच कोंडलेली, असं शेजारीण म्हणाली. सोबत सासू आलीच. सुनेने तिच्याकडे बघत सांगून टाकलं, की सगळं ठीक आहे. तिने हेच धरून ठेवलं असतं, तर पुढे काही करणं कठीण होतं.

सासूबाई खुर्चीत स्थिरावल्या. बाहेर हवालदारबाईंनी सुनेला पहिलं विचारलं ते जेवलीस का. त्यांची लेक याच वयाची, परगावी नोकरीला. तिलाही त्या रोज दोनदा हेच विचारत आणि बोलणी खात.

आतून सासूबाईंचा आवाज चढला. इतकं मन लावून त्यांचं आजवर कुणी ऐकलं नसावं.

"कुलूप मी स्वतः लावते, साहेब. दोनदा ओढून बघते. नोकरांवर सोडत नाही मी!"

सून दचकली. मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच असेल, तिला हसू आलं.

"ऐकलंत?"

"ऐकलं. साहेबांनीही ऐकलं. पण मला तुझ्या तोंडून हवंय, बाळा. तुला काय हवंय?"

सुनेने पिळून धरलेलं पदराचं टोक सोडलं. मग म्हणाली, "मला कामावर जायचंय. आणि त्या घरात नाही, माझ्या ताईकडे राहायचंय."

हवालदारबाईंनी शब्दन् शब्द लिहून घेतला. साहेबांनी सासूबाईंकडे किल्ली मागितली आणि माणसाला असं कोंडणं हा गुन्हा आहे, हे समजावून सांगितलं.

"पण माझं अजून अर्धंसुद्धा सांगून झालं नाही," सासूबाई कुरकुरल्या.

"सांगा ना, मावशी. आता तेही लिहूनच घेतो."

बाहेर सून ठाण्याच्या फोनवरून दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरशी बोलत होती. पलीकडून चांगलीच खरडपट्टी निघत होती; न कळवता गायब होतात का, म्हणून. ती मात्र तोंडभरून हसत म्हणत होती, "हो सिस्टर. चुकलं, सिस्टर. उद्या सकाळी येते."