कोळवणचा भात आणि सुंदराचा डोळा

निवृत्त मुख्याध्यापिकेने घरी बसून लोणची घालावीत, असं आमच्या वहिनीचं मत. म्हणून नेत्रतपासणी शिबिरासाठी कोळवणला माणूस हवंय, असं कळताच मी पिशवी भरली.

जाणाऱ्यांनी पुण्याहून सकाळची पहिली एसटी धरावी. भूगाव सुटलं की खड्डे. पौडला उतरून दुसऱ्या गाडीची तासभर वाट. तिकीट स्वस्त, कंबरेला मात्र महाग. मार्गशीर्षात खोरं सुरेख दिसतं: कापलेली खाचरं, खळ्याखळ्यांवर भाताची झोडणी, उन्हात उडणारं तूस. ते तूस डोळ्याला काय करतं, हे मला दुपारी कळलं.

शिबिर शाळेत होतं. भिंतीवरच्या तक्त्यावर तीन दातांची एकच खूण, चारी दिशांना फिरवलेली. दात जिकडे, तिकडे हात करायचा.

"आबा, तुमी तर दाराकडं हात करताय!" रांगेतलं एक पोरगं पुढच्या म्हाताऱ्याला म्हणालं.

"मला दारच दिसतंय, त्याला मी काय करू?"

सगळे हसले. मग सोळा वर्षांची सुंदरा आली. आई हौसाबाई मागे, मुलीच्या खांद्यांवर हात ठेवून उभी. सुंदराने एकही खूण चुकवली नाही. वर्गातल्या कॉप्या पकडण्यात माझा जन्म गेला. मी आईला दाराबाहेर काढलं आणि पुन्हा विचारलं. पोरीचा हात हवेतच राहिला.

"खांदा दाबून सांगत होतात ना?" रागावताना आवाज खाली आणावा, असं कॉन्व्हेंटातल्या सिस्टर शिकवायच्या. मला ते कधीच जमलं नाही.

"व्हय, बाई," हौसाबाई म्हणाली. "डावा डोळा ल्हानपनी देवीत गेला, ते सोयरिकीच्या पाव्हण्यांना ठावं हाय. एका डोळ्यावर पत्करलीया तिला. म्हनून झोडणीत उजव्यात कुसळ गेलं तवा कुनाला बोलले न्हाई. बकरीचं दूध घालत व्हते. दिसतंय म्हनून लिवा की तेवढं."

डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं. उजव्या बुबुळावर पांढरं फूल पडलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी आणली असती, तर औषधावर भागलं असतं. आता मेलेल्या माणसाच्या डोळ्याचा पुढचा पडदा बसवला तरच आशा. आणि डोळे द्यायला कुणी तयार नाही.

"माजा घ्या की."

"जिवंत माणसाचा घेत नाहीत, हौसाबाई."

"मंग म्या कवा मरायचं, त्येबी सांगा."

"आये, गप," सुंदरा म्हणाली. तिचं एवढंच बोलणं मी ऐकलं.

जेवायला आंबेमोहोराचा भात होता. जाणाऱ्यांनी जरूर खावा. मला गेला नाही.

पुण्याला येऊन मी मरणोत्तर डोळे देण्याचा कागद भरला. "वन्सं, पुढच्या जन्मी आंधळ्या जन्माल!" वहिनी ओरडली. माझा पदवीधर भाऊ वर्तमानपत्राआड गेला. खेड्यातल्या अडाणीपणावर आठवडाभर तोंड टाकत होते मी! मेल्यावर काही तासांत दवाखान्याला कळवायचं ते याच दोघांनी. मी तेव्हा कान धरायला उठणार नाही.

परवा आमच्या डॉक्टरांनी माझी नाडी पाहिली. "ठणठणीत आहात, बाई. अजून वीस वर्षं बघायला नको."

सुंदरा तेव्हा छत्तीस वर्षांची असेल.